शिलाहारकालीन कोल्हापूरचा अभ्यास : मोडी शिकून झाल्यावर पुढे काय?

करवीरवासी

नमस्कार मंडळी.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. सहकारी बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मोडी लिपीच्या वर्गाला नाव घातले, परीक्षा दिली, आणि आता अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील कागद बऱ्यापैकी सलग वाचता येऊ लागले आहेत. परंतु माझे खरे कुतूहल त्याहून बऱ्याच आधीच्या काळाविषयी, म्हणजे कोल्हापूरच्या शिलाहार राजघराण्याविषयी आहे. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर, पन्हाळा, करवीर तालुक्यातील बीड गावचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) हे सारे लहानपणापासून पाहत आलो. मात्र त्यांच्याविषयी जी पुस्तके मिळतात त्यांत गंडरादित्य, विजयादित्य आणि दुसरा भोज यांची तीच ती चार वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. ती वाक्ये ज्या मूळ साधनांवर उभी आहेत त्या साधनांपर्यंत स्वतः जाऊन पाहावे, अशी इच्छा आहे.

अडचण अशी की त्या काळासाठी मोडीचा काहीच उपयोग होत नाही, हे पहिल्याच पायरीवर लक्षात आले. मग कोणती लिपी आणि कोणती भाषा हाती धरावी? दुसरे असे की मध्ययुगीन मराठी साहित्य म्हटले की लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी ही नावे पुढे येतात. दोन्ही ग्रंथ गोदावरीच्या खोऱ्यातील आणि शिलाहारांचे राज्य बुडाल्यानंतरचे आहेत. मग बाराव्या शतकातील कोल्हापूरला साहित्यच नव्हते, असे मानायचे काय? आणि साहित्य असले तरी त्याचा इतिहासाला पुरावा म्हणून किती आधार घ्यावा?

एक लहान शंकाही आहे. देवगिरीच्या सिंघण यादव राजाच्या खिद्रापूर येथील शिलालेखात शके ११३६ असल्याचे सर्वजण सांगतात, पण इसवी सन कोणी १२१३ देतो, कोणी १२१४. हा निष्काळजीपणा आहे की त्यामागे काही कारण आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


ताम्रपट

आपल्या लहान शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात या अभ्यासाची निम्मी रीत दडलेली आहे.

शकवर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा आपला शाळेतला हिशेब संपून गेलेल्या म्हणजे गत वर्षांच्या मोजणीसाठी आहे. मध्ययुगीन लेखांत कधी गत वर्ष दिलेले असते, तर कधी चालू असलेले म्हणजे वर्तमान वर्ष, आणि कोणते दिले आहे ते लेखक दर वेळी सांगतोच असे नाही. त्यासाठी लेखातील इतर घटक तपासावे लागतात. खिद्रापूरच्या लेखातील संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे नाव, श्रीमुख आहे, आणि श्रीमुख संवत्सर १२१३ च्या वसंतात सुरू होतो. तेव्हा शके ११३६ हे वर्तमान वर्ष ठरते आणि लेख १२१३ चा होतो. १२१४ लिहिणाऱ्यांनी संवत्सराकडे न पाहता केवळ बेरीज केलेली असते.

आता याच रीतीने एक संपूर्ण लेख वाचावा, अशी माझी सूचना आहे. शिलाहार विजयादित्याचा कोल्हापूरचा शके १०६५ चा लेख घ्या. कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी तो एपिग्राफिया इंडिका या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केला. लेखाची भाषा संस्कृत आहे आणि लिपी जुनी कानडी आहे. तिथी दिली आहे ती दुंदुभी संवत्सर, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण अशी. शके १०६५ हे गत वर्ष धरले तर माघ पौर्णिमा ११४४ च्या आरंभी येईल. पण दुंदुभी संवत्सर ११४२-४३ मध्ये पडतो. म्हणून येथेही वर्तमान वर्ष धरावे लागते, आणि मग गणिताने सोमवार, १ फेब्रुवारी ११४३ हा दिवस निघतो. वार जुळतो, पौर्णिमा जुळते, ग्रहणही जुळते. इतक्या बाजूंनी तपासलेली तारीख हाती आली की बाकीच्या घटना तिच्याभोवती लावता येतात. एखाद्या लेखाचे हे घटक परस्परांशी जुळलेच नाहीत, तर वाचनात चूक आहे की लेखच मागाहून केलेला आहे, याचा विचार सुरू करावा लागतो. बनावट ताम्रपट अनेकदा याच परीक्षेत उघडे पडले आहेत.

त्या लेखात सांगितले काय आहे, तर सामंत कामदेवाच्या पदरी असलेल्या वासुदेवाने पार्श्वनाथाची एक बसदी, म्हणजे जैन मंदिर, बांधली आणि विजयादित्याने तिला जमीन व घर दिले. वासुदेव हा माघनंदी या जैन आचार्यांचा शिष्य होता. जमीन पाव निवर्तन (निवर्तन हे जमिनीचे जुने माप), घर बारा हातांचे, आणि दानाचे कारण देवाची अष्टविध पूजा, वास्तूची डागडुजी व मुनींचा आहार. जमीन मोजली आहे ती कुंडीच्या काठीने. कुंडी हा सौंदत्तीच्या रट्टांचा, आजच्या बेळगाव भागातील प्रदेश. शिलाहारांच्या दानात शेजारच्या मुलखाचे माप वापरलेले दिसते, आणि राजवटींच्या सीमा नकाशावर आपण आखतो तितक्या घट्ट रोजच्या व्यवहारात नव्हत्या, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो. ही माहिती राजघराण्यांच्या याद्यांत कधीच येत नाही, कारण तेथे फक्त कोणाचा मुलगा कोण एवढेच उचलले जाते.

याच घराण्याच्या बिरुदांकडेही पाहा. ते स्वतःला ‘श्रीमन्महालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवितात, आणि तरीही दान जैन बसदीला देतात. विजयादित्याचे वडील गंडरादित्य यांच्या शके १०३२ च्या ताम्रपटात तर मिरजेच्या मुलखातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत (जैन तीर्थंकर) अशा तिघांची स्थापना केल्याचा उल्लेख आहे. १११० मध्ये दक्षिण महाराष्ट्रात एक राजा बुद्धाची मूर्ती बसवतो, हे वाचून मला आजही नवल वाटते. दुसरे बिरुद ‘तगरपुरवराधीश्वर’ असे आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. या शिलाहारांनी तेरवरून राज्य केल्याचा पुरावा नाही. आपल्या मूळ स्थानाची आठवण किंवा दावा म्हणून ते बिरुद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तेव्हा एकाच लेखातील तिथी, दान, मोजमाप आणि बिरुद यांना सारखे वजन देता येत नाही.

लिपी येईपर्यंत थांबू नका. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख एका खंडात एकत्र करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मूळ पाठ नागरीत छापलेला असल्याने शाळेतील संस्कृत पुन्हा उजळले तरी बरेच काम होते. एपिग्राफिया इंडिकाचे जुने खंड आंतरजालावर मोफत उपलब्ध आहेत. छापील पाठ आणि सोबतचे ठशाचे चित्र समोरासमोर ठेवून अक्षर अक्षर लावत जाणे, याहून चांगली शाळा लिपीसाठी मला सापडलेली नाही.


हळेगन्नड

ताम्रपट यांच्याशी सहमत आहे. परंतु संस्कृतावर भागेल असे जे सूचित झाले आहे त्यात भर घालणे आवश्यक वाटते. मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात दोन्ही भाषा चालतात.

शिलाहारांचे आणि त्यांच्या सामंतांचे बरेचसे लेख कानडी भाषेत आहेत. सामंत निंबदेवाने कोल्हापुरात रूपनारायण बसदी बांधली. त्यानेच बाजारपेठेत बांधलेल्या पार्श्वनाथाच्या बसदीसाठी ऐहोळ्याच्या पाचशे स्वामींच्या व्यापारी संघाने आणि निरनिराळ्या गावांच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर पट्टी लावून दिल्याचा ११३५ चा लेख आहे. कोल्हापूरच्या बाराव्या शतकातील बाजारपेठेचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. पण तो नीट समजून घ्यायचा तर मालाची, मापांची आणि करांची कानडी नावे ओळखावी लागतात; भाषांतरात ती नेमकी हरवतात, कारण भाषांतरकारालाही प्रत्येक वेळी खात्री नसते आणि तो ‘एक प्रकारचा कर’ असे लिहून पुढे जातो. राजाराम महाविद्यालयात कानडीचे प्राध्यापक असलेले के. जी. कुंदणगार यांनी कोल्हापूर संस्थानातील आणि उत्तर कर्नाटकातील लेख वाचून १९३९ मध्ये त्यांचा संग्रह काढला. कोल्हापुरात बसून या दिशेने केलेले ते मोठे काम आहे, आणि आज कोल्हापुरातच ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

आता साहित्याविषयी. बाराव्या शतकातील कोल्हापूरला साहित्य होते. ते मराठीत नव्हते, इतकेच. कर्णपार्य या जैन कवीचे नेमिनाथपुराण हे कानडी चंपूकाव्य (गद्य-पद्य मिश्र काव्य) शिलाहार विजयादित्याच्या काळातील असून त्याला आश्रय देणारा लक्ष्म हाही त्याच राज्यातला होता. संस्कृतात पाहायचे तर सोमदेवाने शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ शके ११२७ मध्ये, म्हणजे १२०५ मध्ये, अजुरिका येथे गंडरादित्याने बांधलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात बसून लिहिला. त्या वेळी दुसरा भोज राज्य करत होता. अजुरिका म्हणजे आपले आजरे. घनसाळ तांदळासाठी प्रसिद्ध असलेल्या आजऱ्यात आठशे वर्षांपूर्वी जैनेंद्र व्याकरणावर टीका लिहिली जात होती, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात येत नाही, कारण ग्रंथ मराठी नाही. आणि कानडी वाङ्मयाच्या इतिहासात येत नाही, कारण तो कानडीही नाही. भाषेनुसार कप्पे पाडून इतिहास लिहिला की प्रदेशाचा इतिहास असा फटींतून निसटतो.

याला आजच्या सीमावादाचा पदर आहे, हे नाकारून चालणार नाही. नवव्या शतकातील कविराजमार्ग या कानडी ग्रंथात कावेरीपासून गोदावरीपर्यंतच्या प्रदेशाला कन्नड नाडू म्हटले आहे, आणि ते वाक्य दोन्ही बाजूंच्या सभांत घोषणेसारखे वापरले जाते. उलट श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा मराठी लेख आहे, त्याचाही तसाच वापर होतो. राजांच्या दरबारात, बसदीत आणि पेठेत एकाच वेळी दोन-तीन भाषा चालत असत, असे या दोन्ही पुराव्यांवरून दिसते. कोणाचा तालुका कोणाला मिळावा याच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

व्यावहारिक सल्ला असा की आधी आजची कानडी लिपी शिकावी. गडहिंग्लज, शिरोळ, निपाणी या पट्ट्यात शिकवणारे सहज भेटतात. ती आली की बाराव्या शतकातील वळणे हळूहळू उकलू लागतात, कारण मूळ चौकट तीच आहे. भाषेसाठी किटेल यांचा १८९४ चा कानडी कोश जवळ ठेवावा. जुने शब्द त्यात पुष्कळ सापडतात.


पोथीघर

साहित्य पुरावा म्हणून किती वापरावे, या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो. माझा अभ्यास प्रामुख्याने जुन्या मराठी पोथ्यांचा आहे, त्यामुळे उदाहरणे तिकडची येतील.

पहिली गोष्ट ही की ‘इकडे लेख आणि तिकडे साहित्य’ अशी विभागणी मुळातच टिकत नाही. शिलालेखाचा आरंभीचा भाग म्हणजे प्रशस्ती, राजाची स्तुती, आणि प्रशस्ती हे काव्यच असते. सिंघण यादवाने पन्हाळ्याच्या भोजाचा पराभव केला, ही गोष्ट आपल्याला ज्या लेखांतून कळते त्यांपैकी एकात पन्हाळ्यात राहणाऱ्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा गरुड, असे सिंघणाचे वर्णन एका लांबलचक समासात केलेले आहे. या ओळीतून इतिहासकाराने काय घ्यावे? पराभव झाला, हे घ्यावे. कारण त्यानंतर शिलाहारांचे स्वतंत्र लेख मिळत नाहीत आणि खिद्रापुरात सिंघणाचे दानपत्र दिसते. पन्हाळा हे भोजाचे मुख्य ठाणे होते, हेही घ्यावे. पण भोज किल्ल्यातून पळाला, की पकडला गेला, की मारला गेला, हे त्या रूपकातून काढू नये. साप पळतो, कारण गरुडापुढे सापाने पळायचे असते. स्थानिक पुस्तकांत या वर्णनावरून लढाईचे तपशील रंगवलेले मी वाचले आहेत, आणि प्रत्येक आवृत्तीत ते वाढत जातात.

दुसरी गोष्ट ग्रंथाचा काळ आणि पोथीचा काळ यांतील अंतराची. दगडावरचा लेख कोरला गेला त्या दिवशी थांबतो. पोथी थांबत नाही. लीळाचरित्र म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास सिद्ध केले, असे आपण म्हणतो. परंतु महानुभाव परंपराच सांगते की मूळ ग्रंथ परचक्राच्या धामधुमीत गेला आणि पुढे शिष्यांनी आठवणीतून तो पुन्हा उभा केला; म्हणून त्याचे निरनिराळे पाठ आहेत आणि ते एकमेकांशी शब्दशः जुळत नाहीत. शिवाय त्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्यामुळे पंथाबाहेरच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या वाचताच येत नव्हत्या. ज्ञानेश्वरीचे तेच. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे १२९० चा. परंतु तीनशे वर्षांत त्यात इतके अपपाठ शिरले होते की एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुढे वि. का. राजवाडे यांनी मराठवाड्यातील बीडकडच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये स्वतःची आवृत्ती काढली आणि ती एकनाथांच्याही आधीच्या पाठाची आहे असे प्रतिपादन केले. त्यावर वाद झाला, आणि तो वाद वाचणे हेच पाठचिकित्सेचे उत्तम शिक्षण आहे. एखादा शब्द तेराव्या शतकात वापरात होता, असे म्हणण्यापूर्वी तो कोणत्या पोथीत आहे, ती पोथी केव्हाची, आणि इतर प्रतींत त्या जागी काय आहे, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

एवढे सांभाळले तर साहित्य शिलालेखाला न दिसणाऱ्या गोष्टी दाखवते. दानलेख लिहिणाऱ्याला जमीन, हद्द आणि कर यांच्यापलीकडे काही सांगायचे नसते. लीळाचरित्रात मात्र चक्रधर कोणत्या गावी उतरले, कोणी काय रांधले, कोणाला का राग आला, देवळाच्या ओवरीत कोण झोपले होते, अशा बारीकसारीक गोष्टी येतात. या नोंदी लिहिणाऱ्याचा हेतू स्वामींची प्रत्येक आठवण जपण्याचा होता. त्या काळच्या समाजाचे चित्र रेखाटण्याचा नव्हता. म्हणूनच जे सहज ओघात आले आहे ते अधिक विश्वसनीय ठरते, आणि जेथे स्वामींचा महिमा सांगायचा आहे तेथे सावध राहावे लागते. कोल्हापूरसाठी हेच तत्त्व करवीरमाहात्म्यासारख्या ग्रंथाला लावता येईल. माहात्म्यातील कथा कोणत्या काळी घडली हे विचारण्यात अर्थ नाही. पण त्यात कोणती तीर्थे, कोणती देवळे आणि कोणता यात्रेचा मार्ग सांगितला आहे, हे माहात्म्य रचणाऱ्याच्या काळातील शहर समजण्यास उपयोगी पडते.

शब्दांसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला असून तो आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. मोल्सवर्थचा कोशही तेथेच आहे.


दप्तर

वरचे सर्व प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहेत आणि मला त्यांतून पुष्कळ शिकायला मिळाले. तरी माझे मत वेगळे आहे व ते स्पष्टपणे मांडतो. ज्यांनी परिश्रमाने मोडी आत्मसात केली आहे त्यांनी ती बाजूला ठेवून साठीनंतर जुनी कानडी आणि संस्कृत यांच्या मागे लागावे, हा सल्ला मला पटत नाही.

कोल्हापुरात राज्य शासनाचे पुरालेखागार आहे. तेथे कोल्हापूर संस्थानचे दप्तर आहे आणि त्यातील मोठा भाग मोडीत आहे. हे दप्तर वाचू शकणारी माणसे कमी आहेत, आणि शिलाहारांचे प्रसिद्ध झालेले लेख वाचणारी माणसे त्या मानाने पुष्कळ आहेत. विजयादित्याच्या लेखाविषयी कीलहॉर्न आणि मिराशी यांच्यानंतर नवीन सांगण्यासारखे आपल्यासारख्याच्या हातून फार थोडे होईल. पण न उघडलेल्या रुमालातील, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातील, एखादे इनामपत्र वाचले तर ते कदाचित पहिलेच वाचन असेल. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन आणि जिजाबाईकालीन कागदपत्रांचे खंड संपादित केले. छापील पाठ समोर असल्याने ते खंड मोडी वाचकाला सरावासाठीही उत्तम आहेत. आपल्याकडील विद्यापीठांत मध्ययुगीन इतिहास १८१८ पर्यंत शिकवला जातो, तेव्हा हेही मध्ययुगच आहे. आज्ञापत्र लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य पन्हाळ्यावरच राहिले आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. त्यांच्या काळातील राज्यव्यवहार समजायचा तर मोडीखेरीज पर्याय नाही.

तारखांचे कोडे येथेही आहे, फक्त ते वेगळे आहे. या कागदांत सुहूर सन येतो, तो मृग नक्षत्राबरोबर बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. इसवी सन काढण्यासाठी महिना पाहून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. महिने मात्र मुसलमानी चांद्र महिने असतात, आणि ते दरवर्षी सरकतात. दोन्हींची सांगड घालण्यासाठी जंत्री, म्हणजे तारखांची कोष्टके, जवळ हवीच.

आणखी एक गोष्ट. शिलाहारांच्या काळात पोहोचायचे असेल तरी अठराव्या शतकातील गावठाणाचे आणि शिवाराचे कागद उपयोगी पडतात. शेताची, ओढ्याची, देवळाच्या इनामाची नावे चिवट असतात. उलट दिशेने, म्हणजे माहीत असलेल्या काळाकडून न माहीत असलेल्या काळाकडे चालत गेले तर पाय भक्कम जमिनीवर राहतात.


करवीरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतकी सविस्तर उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती.

दप्तर यांच्या शेवटच्या मुद्द्यावर मात्र एक प्रश्न विचारतो. गावांची आणि शेतांची नावे सहाशे वर्षे टिकतात, यावर किती भिस्त ठेवावी? बँकेत असताना तारण जमिनींचे उतारे पाहिले आहेत. तेथे तर एकाच शेताचे नाव दोन पिढ्यांत बदललेले दिसत असे. आणि दुसरे, वीरगळांवर बहुधा अक्षरे नसतात. त्यांच्याकडे कसे पाहावे?


ताम्रपट

आपली शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर नावागणिक वेगळे येते. पन्नाळ म्हणजे पन्हाळा, मिरिंज म्हणजे मिरज, अजुरिका म्हणजे आजरे, याविषयी वाद नाही. कारण नाव जुळते, ठिकाणाचे महत्त्व जुळते आणि आसपासची इतर नावेही जुळतात. परंतु शिलाहारांच्या लेखांत राजाचा मुक्काम म्हणून वारंवार येणारे वळवाड घ्या. कोणी ते कोल्हापूरच्या पूर्वेकडील वळिवडे मानतात, कोणी राधानगरी मानतात, कारण राधानगरीचे जुने नाव वळवडे असे होते, आणि कोणी वाळव्याकडे बोट दाखवतात. उच्चाराच्या दृष्टीने तिन्ही शक्य आहेत. येथे नावाच्या साम्यावर निर्णय करता येत नाही. कोणत्या ठिकाणी त्या काळचे अवशेष आहेत, लेखातील शेजारच्या गावांची नावे कोणत्या ठिकाणाभोवती सापडतात, राजाला तेथून कोणते घाट आणि कोणते रस्ते जवळ पडत, हे पाहावे लागते. आपल्याला जागेवर फिरता येते, ही मुंबई-पुण्याच्या अभ्यासकापेक्षा मोठी सोय आहे. दप्तर यांच्याशी माझा मतभेद एवढाच की शिवारांच्या नावांनी उलटे चालत जाताना मध्ये आदिलशाहीतील फारसी कागदांचा थर लागतो, आणि तो ओलांडल्याशिवाय यादवांपर्यंत जाता येत नाही.

वीरगळांविषयी थोडक्यात. बहुतेक वीरगळांवर खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे वाचवण्याचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा असते. सूर्यचंद्र हे कीर्ती अक्षय राहावी याचे चिन्ह. अक्षरे नसली तरी शस्त्रे, ढाली, घोड्याचे साज, केशरचना यांच्या तपशिलाची तुलना जवळच्या दिनांकित मंदिरांवरील शिल्पांशी करता येते. प्रत्येक दगडाची उंची, रुंदी, चौकटींची संख्या आणि तो ज्या दिशेला तोंड करून उभा आहे ती दिशा नोंदवावी. दगड मूळ जागी आहे की कोणी उचलून पारावर आणून ठेवला आहे, हे गावातील वयस्कर माणसांना विचारून लिहून ठेवावे, कारण ही माहिती त्यांच्याबरोबर जाते.


हळेगन्नड

एक सूचना राहिली होती. शिलालेखाचे किंवा वीरगळाचे छायाचित्र घेताना अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, हळद किंवा पीठ चोळू नये. संध्याकाळी किंवा अंधारात विजेरी दगडाच्या एका कडेला जवळजवळ समांतर धरून छायाचित्र घेतले, नंतर विजेरी दुसऱ्या कडेला नेऊन पुन्हा घेतले, की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे वर येतात. कागदी ठसा घेण्याचे काम शिकलेल्या माणसाकडूनच व्हावे, आणि खिद्रापूरसारख्या संरक्षित स्मारकावर तर परवानगीशिवाय दगडाला हातच लावू नये. आमच्या भागात एका गावाने जीर्णोद्धाराच्या उत्साहात ओळीने उभे असलेले वीरगळ तैलरंगाने रंगवले आहेत. त्यातील एकावर तीन ओळींचा लेख होता. आता त्या जागी केशरी रंगाखाली फक्त उंचवटे हाताला लागतात.

आणि दप्तर यांना एक विनंती. २०१९ च्या महापुरात पंचगंगा आणि कृष्णा काठच्या अनेक घरांत पाणी शिरले, तेव्हा माळ्यावरचे मोडी कागद वाचले आणि खालच्या पेट्यांतले भिजले. असे कागद कोणाकडे असतील तर ते उन्हात कडक वाळवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, टिपकागद घालून वाळवावेत आणि चिकटलेली पाने ओढून सुटी करू नयेत. आपल्या मोडी वर्गातील मंडळींनी शिरोळ तालुक्यात एखादी फेरी काढली तर घरोघरी ओळख करून देण्याचे काम मी करीन.


दप्तर

फेरीसाठी मी तयार आहे. पावसाळा उघडल्यावर, दसऱ्यानंतर ठरवू. करवीरवासी यांनी तोपर्यंत विजयादित्याचा लेख वाचावा. माझा विरोध लेखाला नव्हता, मोडी सोडून देण्याला होता.


करवीरवासी

मोडी सोडणार नाही. मिराशींचा खंड ग्रंथालयात आहे का ते या आठवड्यात पाहतो, आणि कानडी लिपीसाठी गडहिंग्लजकडचे एक जुने सहकारी आहेत त्यांना गळ घालतो. ११४३ चा लेख वाचताना जेथे अडेन तेथे याच धाग्यावर विचारीन. पहिली अडचण आताच सांगून ठेवतो: पाव निवर्तन म्हणजे आजच्या हिशेबाने किती गुंठे धरावे?


ताम्रपट

त्याला एकच उत्तर नाही. निवर्तन किती मोठे हे काठी किती हातांची आणि बाजूला किती काठ्या धरायच्या यावर ठरत असे, आणि दोन्ही गोष्टी प्रदेशागणिक वेगळ्या होत्या. लेखात कुंडीच्या काठीचा मुद्दाम उल्लेख केला आहे तो याच कारणासाठी. नुसते निवर्तन लिहिले असते तर पुढे हद्दीवरून भांडण लागले असते. रट्टांच्या लेखांत या काठीची लांबी हातांत दिलेली सापडते का, तेथून शोध सुरू करा. गुंठे शेवटी काढा.